तुमचं गणित बरोबर आलं, शेठ

वसईतल्या वालीवच्या गाळ्यात ‘निर्जल’ मॅग्नेशियम क्लोराइड बनवून विकणाऱ्या शेठना,

तुमची २५ किलोची पिशवी माझ्या टेबलाशेजारी उभी आहे. बाहेरून तिला नाव ठेवायला जागा नाही. आत दुहेरी प्लास्टिक, तोंडाशी सिलिका जेलची पुडी, शिवण सरळ, आणि लेबलावर ठळक निळ्या अक्षरांत ‘मॅग्नेशियम क्लोराइड, निर्जल, ९८ टक्के’. लेबल छापणाऱ्यानं आपलं काम चोख केलं आहे. या अख्ख्या व्यवहारात चोख काम केलेला तो एकटाच.

तुमचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी तुमच्याकडून माल घेतला त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना नावापेक्षा काय घडलं ते कळणं जास्त गरजेचं आहे. खासगीत तुमच्याशी बोलून झालं, म्हणून आता पत्र खुलं. फोनवर तुम्ही तीन उत्तरं दिलीत: सॉल्व्हंट ओलं असेल, पावसाळा आहे, आणि ‘वजन बघा की’. तिन्हींचा समाचार घेतो. तिसऱ्याचा जरा सावकाश, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

आधी पिशवीत काय आहे ते बघू. परीक्षानळीत थोडं पाणी घेतलं आणि तुमच्या मालातली चिमूट त्यात टाकली. खरं निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यात पडलं की चुरचुरतं, नळी हाताला चटका देईल इतकी तापते आणि बघता बघता सगळं विरघळून पाणी नितळ होतं. तुमचा माल पडला आणि नळी जेमतेम कोमट झाली. पाणी पांढरं झालं, पातळ ताकासारखं गढूळ, आणि कितीही हलवलं तरी तळाचा पांढरा गाळ जाईना. त्या पाण्यात लाल लिटमसची पट्टी बुडवली, ती निळी पडली. नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब टाकल्यावर मात्र गाळ विरघळला. म्हणजे तो मॅग्नेशियमचा अल्कधर्मी क्षार. क्लोराइड असं वागत नाही.

ही परीक्षा करायला पदवी लागत नाही, उपकरण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. माल बांधण्याआधी तुम्ही ती केली असतीत तर पिशवी शिवलीच नसती. केली नसेल तर तुम्ही न बघता विकता. केली असेल तर बघून विकता. यातलं कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतर रीतसर टायट्रेशन केलं. निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये वजनाचे साडेचौऱ्याहत्तर टक्के क्लोरीन असायला हवं. तुमच्यात निघालं ५० टक्के. असायला हवं त्यातला तिसरा हिस्सा गायब. तो कुठे गेला हे मला ठाऊक आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

तुमच्या पहिल्या उत्तराची किंमत कोणी मोजली ते ऐका. सातिवलीत छोटी जागा भाड्यानं घेऊन एक मुलगी कस्टम सिंथेसिसचं काम करते. मोठ्या कंपन्यांना जे किलो-दोन किलो लागतं आणि ज्यासाठी त्यांना स्वतःचा प्लँट अडवायचा नसतो, ते ती करून देते. तिच्याकडे काम आलं होतं फिनॉलवर अल्डिहाइड बसवायचं. नॉर्वेत ओस्लोच्या स्काटेबोल यांच्या गटानं १९९९ साली याची सोपी रीत दिली आहे: फिनॉल, पॅराफॉर्माल्डिहाइड, ट्रायएथिलअमाइन आणि निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड. रीत सुंदर आहे. मॅग्नेशियम फिनॉलचा ऑक्सिजन धरतं, फॉर्माल्डिहाइडलाही आपल्याकडे ओढतं, आणि नवा गट नेमका शेजारच्या कार्बनवर बसतो, दुसरीकडे भटकत नाही. पण त्यासाठी मॅग्नेशियमचे हात मोकळे हवेत. तुमच्या मॅग्नेशियमचे हात पाण्यानं आणि हायड्रॉक्साइडनं आधीच भरलेले होते. दिवसभर रिफ्लक्स चालला, टीएलसीवर फिनॉलचा डाग जागचा हलला नाही.

तिनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘मॅडम, तुमचं सॉल्व्हंट ओलं असेल.’ तिनं टीएचएफ सोडियमवर पुन्हा उकळून गाळलं. अमाइन पोटॅशवर ठेवून ऊर्ध्वपातन केलं. पॅराफॉर्माल्डिहाइडची नवी बाटली फोडली. काचेची सगळी भांडी ओव्हनमध्ये तापवून नायट्रोजनखाली थंड केली. तुमच्या शब्दावर तिनं सगळ्यावर संशय घेतला, फक्त तुमच्या पिशवीवर घेतला नाही. दुसरी बॅचही अडकली. फिनॉल महागडं होतं, गिऱ्हाइकानंच दिलेलं, मोजून दिलेलं. ते काम तिच्या हातून गेलं. तुमचं सर्टिफिकेट मी पाहिलं आहे: शुद्धता ९८.४ टक्के, पाणी ०.६ टक्के. हे आकडे कुठल्या ब्यूरेटमधून आले ते मी तुम्हाला विचारलं तेव्हा फोन कट झाला.

दुसरं उत्तर, पावसाळा. वसईच्या पावसाळ्यात माल ओल धरतोच, हे मला शिकवू नका. नायगाव-जूचंद्रकडच्या मिठागरात राबलेल्या कुठल्याही माणसाला ते माहीत आहे. जाड्या मिठाला श्रावणात पाणी सुटतं ते नुसत्या मिठामुळे नाही, त्याच्या अंगाला राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. खाडीचं पाणी कोंड्यांत आटवायचं, मीठ धरलं की ओढून घ्यायचं, आणि तळाशी जे कडू पाणी उरतं ते सोडून द्यायचं. त्या कडू पाण्यात हाच क्षार असतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आहे. कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोड्याला तशाच कडू पाण्यापासून मॅग्नेशियम क्लोराइडचं हेक्साहायड्रेट, म्हणजे सहा पाण्यांचे स्फटिक, काढतात.

पण हवेतली ओल मालात शिरली तर पाणी वाढेल. मॅग्नेशियमच्या मानानं क्लोरीन कशानं घटेल? मालात मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूमागे क्लोरीनचे दोन अणू असायला हवेत, माल ओला असो की कोरडा. पाऊस कितीही पडला तरी हे प्रमाण बदलत नाही. मी ईडीटीएनं मॅग्नेशियमही मोजलं. तुमच्या मालात एका मॅग्नेशियममागे क्लोरीन आहे १.३४. हा हिशेब पावसानं बिघडवलेला नाही, आगीनं बिघडवला आहे, आणि आग तुमच्या ओव्हनमधली आहे.

आता वजन. तुम्ही मला नोंदवहीचं पान पाठवलंत: १०० किलो हेक्साहायड्रेट घातलं, ४६.८ किलो माल निघाला. खाली लिहिलंत, ‘सगळं पाणी गेलं, हिशेब बघा.’ हिशेब बघितला. हेक्साहायड्रेटच्या १०० किलोंत ५३.२ किलो पाणी असतं, ते पूर्ण गेलं तर ४६.८ किलो उरायला हवेत. तुमचं गणित बरोबर आलं, शेठ. आणि तरीही त्या पिशवीत निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड नाही.

कसं ते सांगतो, कारण तुमच्यासारखे वजनावर विसंबणारे आणखीही असतील.

स्फटिकातलं हे पाणी म्हणजे ओल नव्हे. ओल पृष्ठभागावर असते, उन्हात टाकली की जाते. हेक्साहायड्रेटमध्ये पाण्याचे सहा रेणू मॅग्नेशियमच्या भोवती सहा दिशांनी जखडून बसलेले असतात. मॅग्नेशियमचा आयन आकारानं लहान आणि त्यावर दोन धनभार. तो पाण्याच्या ऑक्सिजनला घट्ट ओढून धरतो. तापवू लागलं की पहिले चार रेणू बरेच सरळपणे निघतात. साधारण दीडशे अंशांच्या आसपास माल डायहायड्रेटवर येतो. तिथवर तुमच्या ओव्हनचं काही चुकलेलं नसतं.

उरलेले दोन मात्र हट्टी. जितके रेणू कमी, तितकी उरलेल्यांवर मॅग्नेशियमची पकड घट्ट. ऑक्सिजन इतका ओढला जातो की त्याला चिकटलेला हायड्रोजन सैल पडतो. शेजारीच क्लोराइड बसलेलं असतं. तापमान आणखी चढलं की तो हायड्रोजन या शेजारच्या क्लोराइडचा हात धरतो आणि दोघं मिळून हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन उडून जातात. मागे राहतं मॅग्नेशियम हायड्रॉक्सिक्लोराइड. आणखी तापवलंत तर शेवटी नुसतं मॅग्नेशियम ऑक्साइड. तुम्ही पाणी काढायला बसलात आणि पाण्यानं तुमचं क्लोरीन पळवलं.

आता वजनाकडे या. समजा मालाचा एक तृतीयांशाहून किंचित जास्त भाग डायहायड्रेटवरच थांबला. त्याची घट ३५ टक्के. उरलेल्या जवळपास दोन तृतीयांशाचं हायड्रॉक्सिक्लोराइड झालं. त्याची घट ६२ टक्के. दोन्हींची त्या प्रमाणात सरासरी काढा: ५३ टक्के. काट्यावर ४६.८ किलो, तंतोतंत. पिशवीत एक कण निर्जल नसताना वजन निर्जलाचं. अशा मिश्रणात क्लोरीन किती असायला हवं? ५० टक्के. मॅग्नेशियममागे क्लोरीन? १.३४. माझ्या ब्यूरेटनं दोन्ही आकडे हेच दिले आहेत.

काट्याला वजन कळतं. काय गेलं ते कळत नाही. तुम्ही ओव्हन कधी बंद करायचा हे काट्यावर ठरवत होतात. ४६.८ आले की बंद, जास्त असले की आणखी तापवा. म्हणजे आत अडकलेलं पाणी बाहेर पडत नव्हतं म्हणून तुम्ही तापमान चढवलंत, आणि त्या वाढीव आगीत पाण्याऐवजी ॲसिड उडून गेलं.

तुमच्या मनात काय आहे तेही ओळखतो, कारण तुमच्या माणसानं ते मला बोलून दाखवलं. ‘मोरचूद तव्यावर टाकलं की पांढरं होतं, तुरटीची लाही होते, मग हे का होऊ नये?’ प्रश्न रास्त आहे. तो माल विकण्याआधी पडायला हवा होता, एवढंच. मोरचूद पाच पाण्यांचं. चार रेणू तांब्याला धरून, पाचवा सल्फेटांच्या मध्ये हायड्रोजन बंधांनी अडकलेला. टप्प्याटप्प्यानं पाणी सोडत ते दोनशे अंशांच्या आसपास पूर्ण कोरडं होतं आणि तांब्याचं सल्फेट शाबूत राहतं. वसईच्या पानमळ्यांत आणि केळीच्या वाड्यांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघर असायचं. कुणीही तव्यावर करून बघावं. तुरटीचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. तुरटीतही ॲल्युमिनियमभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, आणि ॲल्युमिनियम क्लोराइडच्या हेक्साहायड्रेटमध्येही नेमके तेच सहा. तुरटी तव्यावर फुलून लाही होते. ॲल्युमिनियम क्लोराइडचं हेक्साहायड्रेट तापवलं तर त्यातून पाणी आणि हायड्रोजन क्लोराइड निघून जातं आणि हातात ॲल्युमिना उरतो. धातू तोच, पाणी तेच. फरक जोडीदाराचा. सल्फेटला पाण्यानं हायड्रोजन दिला तर सल्फ्युरिक ॲसिड होईल, आणि ते तव्याच्या आचेला उडून जात नाही. क्लोराइडला दिला तर जो होतो तो वायू. दार उघडं मिळालं की गेलाच. म्हणून फ्रिडेल आणि क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये ज्या ॲल्युमिनियम क्लोराइडनं रसायनशास्त्राचं एक दालन उघडलं, ते आजही हायड्रेट सुकवून कोणी बनवत नाही. ॲल्युमिनियमवर थेट क्लोरीन सोडून बनवतात.

सगळीच क्लोराइडं अशी दगा देत नाहीत. बेरियम क्लोराइडमधले दोन रेणू साध्या ओव्हनमध्ये निमूट जातात, कारण बेरियमचा आयन मोठा, पकड ढिली. लोखंड, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांचं तसं नाही. धातू बदलला की रीत बदलते. आणि तुम्ही सगळ्या पिशव्या एकाच ओव्हनमध्ये एकाच आचेला ढकलता.

आता तो ओव्हन. पावडर कोटिंगच्या कुठल्या तरी युनिटनं मोडीत काढलेला तुम्ही उचललात. दोनशेच्या वर सहज जातो, दार नीट बसत नाही, आतल्या हवेला जायला वर चार इंची पाइप, तो सरळ पत्र्यातून बाहेर. पत्र्यावर त्या पाइपाभोवती ताटाएवढं गंजाचं वर्तुळ पडलं आहे आणि मधोमध पत्रा चाळणी झाला आहे. शेजारच्या गाळ्यातल्या फॅब्रिकेटरच्या ग्राइंडरचे बेअरिंग दर दोन महिन्यांनी का जाम होतात, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. हे पत्र वाचून कळेल.

१०० किलोंच्या एका बॅचमधून तुमच्या मालाच्या हिशेबानं सुमारे १२ किलो हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. बाजारात मिळणारं ॲसिड पाण्यात विरलेलं असतं. त्या मापानं सांगायचं तर तीस लिटरचा निळा कॅन भरेल एवढं ॲसिड तुम्ही दर बॅचला वालीवच्या हवेत सोडता. अमेरिकेत कामाच्या जागी या वायूची कमाल मर्यादा एका घनमीटर हवेत ७ मिलिग्रॅम आहे, आणि ती क्षणभरही ओलांडायची नाही. ५० फूट लांब, ३० फूट रुंद, २० फूट उंच गाळा धरा. १२ किलो वायू त्यात कोंडला तर ती मर्यादा दोन हजार पट ओलांडली जाते. पाइपातून बराचसा बाहेर जातो म्हणून तुमचा गाळा चालू आहे. बाहेर म्हणजे कुठे, तर गाळ्यांच्या मागच्या चाळीकडे. हा वायू हवेपेक्षा जड. तो वर जाऊन विरत नाही, खाली उतरतो.

आणि जो बाहेर जात नाही तो तुमच्या ओव्हनवर कामाला असलेल्या मुलाच्या छातीत जातो. ट्रे आत-बाहेर करणारा तो मुलगा मला भेटला. दोन तासांनी दार उघडून ट्रेमधला माल उलथायचा, गोळे फोडायचे, परत आत ढकलायचं, हे त्याचं काम. तोंडाला काय बांधतोस विचारलं, तर म्हणाला, ‘शेठनी सांगितलंय, पंचा ओला करून बांध, धूर लागत नाही.’ शेठ, हायड्रोजन क्लोराइड पाण्यात प्रचंड विरघळतो. ओल्या पंचात शिरला की तिथेच हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं, आणि तो पंचा त्या पोराच्या नाकातोंडावर तासन् तास बांधलेला असतो. त्याच्या ओठांच्या कडा फाटल्या आहेत. बोलताना तो सारखा घसा खाकरतो. समोरच्या दातांच्या कडा झिजून पारदर्शक झाल्या आहेत. ॲसिडच्या वाफेत काम करणाऱ्यांचे दात असेच जातात, हे औद्योगिक आरोग्याच्या कुठल्याही पुस्तकात आहे. त्यानं मला विचारलं, ‘हे मिठाचंच आहे ना?’ त्याला तुम्ही तेवढंच सांगितलं होतंत.

तुमच्या पिशवीतून जे एक तृतीयांश क्लोरीन गायब आहे, ते त्याच्या दातांवरून, त्या पत्र्यावरून, मागच्या चाळीवरून गेलं आहे. मुलीला तुम्ही फसवलंत, त्याची भरपाई पैशांत होईल. याची कशी करणार?

तुम्ही म्हणाल, मग निर्जल माल बनवायचाच नाही का? बनवा. दीडशे-पावणेदोनशे वर्षं लोक बनवत आहेत. १८५२ मध्ये बुन्सेननं वितळलेल्या निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडमधून वीज सोडून मॅग्नेशियम धातू काढला, तेव्हाही हाच पेच होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, टेक्ससमध्ये फ्रीपोर्टला डाऊ कंपनीनं समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढलं. तिनं तर शेवटचं पाणी पूर्ण काढण्याचा नादच सोडला आणि थोडं पाणी असलेलाच माल विजेच्या भांड्यात घातला. नुकसान कुठे आणि किती होणार हे मोजून, लिहून ठेवून. तो माल तिनं कुणाला निर्जल म्हणून विकला नाही.

खरी रीत पुस्तकात आहे आणि गुपित नाही. पाणी जाताना क्लोराइड पळवतं, कारण हायड्रोजन क्लोराइड मोकळा सुटतो. मग भोवतीची हवाच कोरड्या हायड्रोजन क्लोराइडनं भरून टाका. त्याला सुटून जायला जागाच उरत नाही, उलट तयार होणारं हायड्रॉक्सिक्लोराइड परत क्लोराइड होतं. त्यासाठी बंद भट्टी हवी, काच किंवा ग्रॅफाइटचं अस्तर हवं, आणि बाहेर पडणारा वायू कॉस्टिकच्या स्क्रबरमधून काढायला हवा. दुसरी वाट अमोनियम क्लोराइडची. हेक्साहायड्रेटबरोबर नवसागर मिसळला की दोघांचा जोडक्षार होतो, त्याचं पाणी सौम्य आचेला निघतं, आणि मग आणखी तापवलं की नवसागर विघटन पावून उडून जातो. जाता जाता हायड्रोजन क्लोराइडची राखण करतो. फेरिक किंवा कोबाल्ट क्लोराइडसाठी थायोनिल क्लोराइड: पाण्याच्या एकेका रेणूमागे त्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन क्लोराइड निघतात. तिथे स्क्रबरशिवाय पाऊलही टाकू नये. प्रयोगशाळेत थोडाच माल हवा असेल तर पाण्याच्या वाटेलाच जाऊ नये; टीएचएफमध्ये मॅग्नेशियमच्या चुऱ्यावर डायक्लोरोइथेन सोडावं, इथिलीन निघून जातं आणि निर्जल क्लोराइड जागेवर तयार होतं.

यातली कुठलीही रीत तुमच्या ओव्हनपेक्षा महाग आहे. म्हणून तर निर्जल मालाचा भाव हेक्साहायड्रेटच्या कित्येक पट असतो. तो भाव तुम्ही घेतलात, खर्च केला नाहीत.

आणि या सगळ्याला सावकाशी लागते. आगाशीकडे सुकेळी करणाऱ्या बाईला विचारा, राजेळी केळी उन्हात दिवसांमागून दिवस का ठेवते; चुलीवर एका दुपारी भाजली तर वरून करपतील आणि आत ओलीच राहतील. हेक्साहायड्रेट घाईनं तापवलं तर ते ११७ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं, वर कडक पापुद्रा धरतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. ज्या गोळ्यांवर तो मुलगा हातोडी मारतो, ते गोळे म्हणजे हा पापुद्रा. पुढे आच वाढली की कोंडलेलं पाणी क्लोराइड घेऊनच फुटतं.

शिवाय निर्जल माल नसेल जमत तर हेक्साहायड्रेट विका ना, हेक्साहायड्रेट म्हणून. त्यात लाज कसली? मॅग्नेशियम ऑक्साइड आणि या क्षाराचं पाणी कालवून सोरेलनं १८६७ मध्ये जे सिमेंट केलं त्याच्या फरश्या अजून होतात. रस्त्यावरची धूळ बसवायला, सोयाबीनच्या दुधाचं टोफू धरायला हाच क्षार लागतो. सिंथेसिसमध्येही सगळ्यांना कोरडं हवं असतं असं नाही. लूशनं १९७८ मध्ये सिरियम क्लोराइड वापरून कीटोनचं जे क्षपण दाखवलं त्यात ते सात पाण्यांसकटच चालतं. गिऱ्हाइकाला पाणी चालतं की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवू द्या. त्यासाठी त्याला खरं कळायला हवं. पाणी आहे तर आहे म्हणून लिहा.

आता मला तुमच्याकडून काय हवं ते. ओव्हन आजच बंद करा. त्या मुलाला पगारी रजा द्या, छातीच्या आणि दातांच्या डॉक्टरकडे न्या, खर्च तुमचा. आणि तो कशावर काम करत होता ते डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगा, ‘मिठाचं’ म्हणू नका. त्या लॉटच्या पिशव्या ज्यांना ज्यांना गेल्या त्या सगळ्यांना फोन करा. कोणी तरी या घडीला आपलं सॉल्व्हंट पुन्हा गाळत बसलं असेल. सातिवलीच्या मुलीला मालाचे पैसे आणि वाया गेलेल्या फिनॉलचे पैसे द्या.

पाइपाचे आणि पत्र्याचे फोटो, दोन्ही टायट्रेशनची पानं आणि तुमच्या नोंदवहीचं पान मी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवलं आहे. मुलाचं नाव त्यात नाही. तो बोलला म्हणून त्याला कामावरून काढलंत, तर त्याचीही तक्रार त्याच पत्त्यांवर जाईल.

सोमवारी सकाळी दहाला मी सिल्व्हर नायट्रेट आणि ब्यूरेट घेऊन तुमच्या गाळ्यावर येतो. शिल्लक पिशव्यांपैकी कुठलीही एक तुमच्या हातानं निवडा आणि माझ्यासमोर फोडा. काटा आणायची गरज नाही.

वसईतला एक केमिस्ट